फुलं ओसरल्यावर की त्याआधी? अझेलिया बोन्सायची छाटणी आणि कुंडीबदल

अझेलियाचं बोन्साय बाळगणाऱ्याला दर वर्षी एकदा मोठा पेच पडतो. झाड फुलांनी इतकं लगडलेलं असतं की पान दिसत नाही, आणि कात्री हातात घ्यायची वेळही नेमकी त्याच दिवसांत येते. फुलं शेवटपर्यंत राहू द्यावीत, तर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरण्याचा काळ हातचा निसटतो. आधीच उतरवावीत, तर ज्यासाठी वर्षभर पाणी घातलं तेच डोळे भरून बघता येत नाही. कुंडी बदलण्याबाबत तर सरळ दोन तट आहेत. एका तटाचं म्हणणं, फुलं ओसरली की लगेच बदला. दुसऱ्याचं म्हणणं, वसंताच्या तोंडावर, पालवी फुटायच्या आत उरका. दोन्हीकडे पन्नास-पन्नास वर्षांची देखणी झाडं सांभाळणारी माणसं आहेत, आणि दोन्ही रीतींनी झाडं मेलेलीही आहेत. हा आढावा त्या वादाचा आहे, आणि माझं मत मी लपवणार नाही.

आधी कोणत्या अझेलियाबद्दल बोलतो आहोत ते ठरवायला हवं, कारण निम्मे वाद इथेच होतात. बोन्सायसाठी सर्वांत जास्त वापरली जाते ती जपानची सात्सुकी. सात्सुकी म्हणजे तिथल्या जुन्या चांद्र पंचांगातला पाचवा महिना, साधारण आपला ज्येष्ठ. त्या महिन्यात फुलणारी म्हणून तिचंही तेच नाव. शास्त्रीय नाव ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम; पण त्यातल्या 'इंडिकम'चा भारताशी काही संबंध नाही. हे झुडूप अस्सल जपानी, डोंगरी नद्यांच्या खडकाळ काठांवर वाढणारं. डच व्यापारातून ते पूर्वेकडची बेटं करत युरोपात पोचलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये त्याची नोंद अझेलिया इंडिका अशी केली. आजच्या बागेतली सात्सुकी म्हणजे ही जात आणि दक्षिणेकडच्या बेटांवरची गोल पानांची जात यांच्या संकरातून निघालेले असंख्य वाण. हा नाद जुना आहे. एडो शहराजवळच्या सोमेई इथल्या इतो इहेई या रोपवाटिकावाल्याने १६९२ मध्ये 'किन्शू माकुरा' हा ग्रंथ निव्वळ अझेलियांवर लिहिला आणि त्यात ३०० हून अधिक वाणांची नोंद केली.

दुसरा मोठा गट क्युशू बेटावरच्या कुरुमे गावचा. वनस्पतिसंग्राहक अर्नेस्ट विल्सन १९१८ मध्ये तिथे गेला आणि त्याने निवडलेले ५० वाण अमेरिकेत पोचले. कुरुमे एप्रिल ते मेच्या सुरुवातीपर्यंत फुलून मोकळी होते. सात्सुकी मेअखेर ते जूनमध्ये फुलते. हा महिन्याभराचा फरक छाटणीच्या दृष्टीने फार मोठा आहे, त्याकडे पुढे येतो. आपल्याकडच्या नर्सरीत हिवाळ्यात दुहेरी पाकळ्यांची, गच्च फुललेली जी कुंडी मिळते ती बहुतेक वेळा या दोन्हींतली नसते. तिचं मूळ चिनी जातीत असतं, आणि घरात ठेवायची फुलझाडं म्हणून युरोपात, विशेषतः बेल्जियमच्या गेंट परिसरात, त्या वाणांची जोपासना झाली.

आता झाडाचं वर्ष बघू. आपल्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. नाशिक-सांगलीकडे एप्रिलात खरड छाटणी होते, नवी काडी तयार होते, आणि त्या काडीच्या डोळ्यात घड आहे की नाही हे पुढच्या काही आठवड्यांतच ठरून जातं. ऑक्टोबर छाटणीला फक्त ते उघड होतं. अझेलियाचं गणित याच धर्तीचं आहे. फूल गळतं तिथेच, त्याच्या बुडाशी, नव्या फुटी निघतात. त्या काही आठवडे वाढतात, मग वाढ थांबते आणि शेंडा ठरवतो की आपण पानाचा डोळा व्हायचं की फुलाचा. टोकियोच्या हवेत हा निर्णय साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत होतो. पुढे हिवाळाभर कळी झोपलेली असते आणि थंडी पुरेशी मिळाली की वसंतात जागी होते.

यातून छाटणीचा नियम आपोआप निघतो, आणि त्यावर कुणाचं दुमत नाही. फुलं ओसरल्याबरोबर छाटा, आणि जुलैच्या सुरुवातीनंतर शेंड्यांना हात लावू नका. उशिरा छाटलेल्या झाडाला नवी फूट येते, पण कळी धरायला त्या फुटीजवळ दिवस उरत नाहीत. पुढच्या वर्षी झाड हिरवंगार राहतं आणि माणूस खताला दोष देतो. कुरुमेवाल्याला मे-जून असे दोन महिने मोकळे मिळतात. सात्सुकीवाल्याकडे जेमतेम तीन-चार आठवडे असतात. म्हणून सात्सुकीचे जाणकार शेवटचं फूल सुकायची वाट बघत नाहीत. बहराचा भर ओसरला की उरलेली फुलंही उतरवून टाकतात.

ही छाटणी जवळून बघण्यासारखी आहे. प्रत्येक काडीच्या टोकाला सुकलेलं फूल असतं. पाकळ्या ओढल्या की त्या हातात येतात, पण लांब स्त्रीकेसर आणि त्याच्या बुडाची हिरवी गाठ तिथेच राहते. ती गाठ म्हणजे बीजकोश. तो राहिला तर झाड सगळी ताकद बी भरण्यात घालवतं, म्हणून तो देठासकट खुडायचा. मग खाली दिसतो फुटींचा झुबका, तीन, चार, कधी पाच कोवळ्या फुटी एकाच जागेतून चक्राकार निघालेल्या. सगळ्या ठेवल्या तर तिथे गाठ फुगते आणि फांदीचा डौल कायमचा जातो. त्यांतल्या दोनच ठेवायच्या, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, शक्यतो सारख्या जोराच्या. उभी वर गेलेली आणि खाली लोंबणारी काढायची. ठेवलेल्या दोन्ही फुटींवर दोन-दोन पानं राखून शेंडा कापायचा. एका मध्यम झाडावर अशी शेकडो टोकं असतात. दिवस जातो, कधी दोन जातात. मला हे काम बोन्सायमधलं सर्वांत समाधानाचं वाटतं.

वड-पिंपळाची बोन्साय केलेल्या आपल्या हौशी मंडळींची इथे एक चूक हमखास होते. वडाचा जोर शेंड्याकडे असतो, म्हणून शेंडा कडक छाटायचा आणि खालच्या फांद्यांना सूट द्यायची, हे हाताला सवयीचं झालेलं असतं. अझेलिया मुळात झुडूप. तिचा जोर बुडाकडे असतो. खालच्या फांद्या पाहता पाहता जाड होतात, बुंध्यातून फुटवे उठतात आणि शेंडा मात्र किडमिडा राहतो. तिथे वडाची रीत लावली तर दोन-तीन वर्षांत शेंडा वाळतो. अझेलियाची छाटणी खाली कडक आणि वर हलकी. बुडाचे फुटवे दिसले की लगेच काढावेत.

रंगाची बाबही छाटणीशी बांधलेली आहे आणि ती बऱ्याचदा विसरली जाते. सात्सुकीच्या कित्येक वाणांत एकाच झाडावर पांढरी, पट्ट्यांची, शिंतोड्यांची आणि अख्खी लाल किंवा गुलाबी अशी तऱ्हेतऱ्हेची फुलं येतात. अख्ख्या रंगाची फुलं देणाऱ्या फांद्या सहसा जास्त जोमदार असतात. त्यांना मोकळं सोडलं तर काही वर्षांत सगळं झाड एकरंगी होतं. म्हणून बहर असतानाच फांद्यांना दोरे बांधून खुणा करून ठेवायच्या, आणि छाटताना एकरंगी फांद्या कमी करायच्या. फूल गळाल्यावर ही माहिती झाडाकडून पुन्हा मिळत नाही.

जाड फांद्यांची गोष्ट वेगळी. अझेलियाचं जुनं, उघडं लाकूड कापलं तरी त्यातून भरभरून डोळे फुटतात. त्या भरवशावर जुनी झाडं ठरावीक वर्षांनी पार ठोंबापर्यंत छाटून नव्याने बांधली जातात. ही जबर छाटणी फुलांनंतरही करतात, पण अधिक सुरक्षित काळ वसंताच्या तोंडावरचा. त्या वर्षीचा बहर सोडून द्यायचा. साठवलेलं अन्न फुलात न जाता फुटींत जातं, आणि पूर्ण उन्हाळा पुढे असतो. मोठ्या जखमेवर लगेच लेप लावणं इथे ऐच्छिक नाही. अझेलियाची जखम हळू भरते, लाकूड कुजतं, आणि कापाच्या खालची सालीची पट्टी सुकत बुंध्यापर्यंत उतरू शकते.

आता खरा वाद, कुंडीबदलाचा.

'फुलांनंतर' हा जपानमधला रुळलेला नियम कुठून आला हे समजून घ्यायचं तर टोकियोच्या उत्तरेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या तोचिगी प्रांतातल्या कानुमा या गावाकडे बघावं लागतं. सात्सुकीचं हे माहेरघर. मेअखेरीस तिथे सात्सुकीचा उत्सव भरतो. गावाच्या जमिनीखाली फिकट पिवळ्या, हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचा थर आहे. शेजारच्या गुन्मा प्रांतातल्या आकागी डोंगराच्या सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकातून तो पडला. हीच ती कानुमा माती. ती आम्लधर्मी असते, पाणी धरते आणि तरी निचरा होऊ देते. कोरडी झाली की फिकट, पांढुरकी दिसते आणि भिजली की गडद पिवळी. पाणी कधी घालायचं हे कुंडीच सांगते. अझेलियाच्या केसासारख्या मुळांना याहून चांगलं घर सापडलेलं नाही.

या परिसरात बहर संपतो आणि पावसाळा लागतो. टोकियोच्या कान्तो पट्ट्यात हा पावसाळा, 'त्सुयू', सरासरीने ७ जूनच्या सुमाराला सुरू होतो आणि १९ जुलैच्या सुमाराला संपतो. आकाश झाकोळलेलं, हवा दमट, रिपरिप पाऊस, ऊन जवळपास नाहीच. मुळं कापलेल्या झाडाला याहून चांगला दवाखाना कुठला मिळणार? पानांतून पाणी उडत नाही, माती उबदार असते, मुळं भराभर फुटतात. शिवाय छाटणीमुळे पानांचा भारही उतरलेला असतो. एकाच बैठकीत वरची आणि खालची दोन्ही कामं होतात आणि वर्षाचा बहरही पदरात पडतो. कोकणात पहिल्या पावसाबरोबर कलमं लावणाऱ्याला हा विचार परका वाटणार नाही.

म्हणजे 'फुलांनंतर' या नियमाच्या पोटात पाऊस आहे. नियम पुस्तकांतून जगभर गेला, पाऊस काही गेला नाही. कॅलिफोर्नियात जून म्हणजे कोरड्या उन्हाळ्याची सुरुवात. सॅक्रामेंटोसारख्या ठिकाणी फुलांनंतर कुंडी बदललेलं झाड दोन आठवड्यांत चाळिशीकडे जाणाऱ्या कोरड्या हवेला तोंड देतं, तेही अर्ध्या मुळांवर. तिथल्या अनेकांनी कुंडीबदल वसंतात नेला तो याच अनुभवाने. बे एरियात राहणाऱ्या आणि हल्ली घराच्या अंगणात अझेलिया वाढवणाऱ्या मराठी मंडळींना मी हेच सांगेन. न्यू जर्सीत उन्हाळा दमट असतो, तिथे जूनही चालेल, पण सावलीची सोय हवी. मेलबर्न-सिडनीला सगळं पंचांग सहा महिने पुढे सरकवावं.

वसंतवाल्यांची बाजू अशी. कळ्या किंचित फुगू लागल्या आहेत, नवी पानं अजून उघडलेली नाहीत, तेव्हा मुळांवर पानांची मागणी सर्वांत कमी असते. बुंध्यात आणि मुळांत साठा भरलेला असतो, आणि पुढे सौम्य हवेचे दोन-तीन महिने असतात. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त वजनदार वाटतो. फुलांनंतर झाड सर्वांत रिकामं असतं. बहर त्याने साठ्यावरच काढलेला असतो. त्याच क्षणी वरून फुटी आणि खालून मुळं, दोन्ही काढणं म्हणजे लग्नाचा खर्च उरकल्या उरकल्या घराची भिंत पाडायला घेणं. जोमदार झाड ते निभावून नेतं. अशक्त झाड महिनाभर हिरवं दिसतं आणि ऑगस्टात एकेक फांदी सोडत जातं.

वसंतातल्या कामाची किंमतही सांगायला हवी. मुळं जोरात कापायची असतील तर त्या वर्षीच्या फुलकळ्या सगळ्या, निदान बहुतेक, खुडाव्या लागतात. कळ्या ओळखणं सोपं आहे, पानाचा डोळा बारीक आणि टोकदार, फुलाची कळी फुगीर. पण फुगीर कळ्यांची ओंजळ भरून फेकताना हात अडखळतो. नुसती कडेची मुळं थोडी काढून मोठ्या कुंडीत बसवायचं असेल तर काही फुलं ठेवता येतात. कुंडीबदलानंतर कडक दंव पडलं तर नवी मुळं मरतात, तेव्हा झाड आडोशाला हलवण्याची तयारी हवी.

शरदातला कुंडीबदल हा तिसरा पर्याय काही जण सांगतात. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे तो जमतो. इतरत्र मुळं बसायच्या आत थंडी येते. मी त्याच्या फंदात पडणार नाही.

माझा कौल असा. छाटणी फुलांनंतर, दर वर्षी, न चुकता. कुंडीबदल वसंताच्या तोंडावर. अपवाद दोनच. तुमच्याकडे फुलांनंतर खरोखर झाकोळ आणि दमट हवा असेल आणि झाड तगडं असेल, तर जपानी रीत बिनधास्त वापरा. आणि झाड मुळाशी कुजत असेल तर महिना न बघता बाहेर काढा, थांबण्यात अर्थ नसतो. जबर छाटणी आणि जबर मुळकाप एकाच वर्षी करू नये. हे मी जोमदार झाडालाही लावतो, कारण घाई कुणाला असते? तरुण झाडाची कुंडी दोन वर्षांनी, जुन्या झाडाची तीन ते पाच वर्षांनी बदलावी लागते. मधली वर्षं छाटणीला मोकळी असतात.

योग्य महिन्यात कुंडी बदलूनही झाडं मरतात, त्यामागचं एक कारण मात्र महिन्याहून मोठं आहे. अझेलियाला सोटमूळ नसतं. बारीक मुळांची गच्च वीण होऊन हुंडी, म्हणजे मुळं-मातीचा गड्डा, नारळाच्या काथ्यासारखी घट्ट होते. कडा करवतीने कापून तीच हुंडी नव्या कानुमात बसवली, तर घातलेलं पाणी भोवतालच्या सैल मातीतून खाली निघून जातं आणि हुंडीचं पोट कोरडं ठणठणीत राहतं. वरून सगळं ओलं, पिवळंधमक. आत मुळं वाळत असतात. म्हणून हुंडीचं वरचं कवच बांबूच्या काडीने हळूहळू मोकळं करायचं, बुडातून आत पाचरी कापून नवी माती भरायची, आणि बसवण्याआधी हुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवायची. वरून बारीक चिरलेलं स्फॅग्नम मॉस पसरलं की पृष्ठभागाची मुळं जगतात. जमिनीतून काढलेलं किंवा चिकणमातीत वाढलेलं झाड असेल तर एका वर्षी हुंडीची एकच बाजू पूर्ण धुवून कानुमात न्यायची, दुसरी बाजू पुढच्या खेपेला. ही अर्ध्या-अर्ध्याची रीत मुळांची दुरुस्ती करते आणि झाडाला एका पायावर उभं राहू देते. नंतर महिनाभर सावली, वाऱ्यापासून आडोसा, आणि खत अजिबात नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला प्रामाणिकपणे सांगायला हवं की मुंबई-पुण्याच्या गच्चीवर सात्सुकी वर्षानुवर्षं फुलवणं अवघड आहे. कळी उघडायला काही आठवड्यांची सलग थंडी लागते, ती इथे सहसा मिळत नाही, आणि एप्रिल-मेचं ऊन कुंडीतली मुळं शिजवतं. शिवाय बोअरचं पाणी. त्यातल्या चुन्याने माती आम्लता हरवते, झाडाला लोह घेता येत नाही, आणि पानं शिरा तेवढ्या हिरव्या ठेवून पिवळी पडतात. माझ्या गच्चीवरचं झाड असंच गेलं. मी कुंडी बदलण्याचा महिना शोधत बसलो होतो आणि दोष माझ्या नळीतल्या पाण्यात होता. पावसाचं साठवलेलं पाणी, पूर्वेकडची कोवळी उन्हं आणि मार्चपासून ग्रीन नेट एवढं जमत असेल तरच नाद करावा. तेव्हा फुलं हिवाळाअखेर येतील, छाटणी ती ओसरल्याबरोबर करावी. कुंडीला मात्र उन्हाळाभर हात न लावता मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर बदलावी. इथे आपला जून आणि कानुमाचा जून एकाच कामाचे ठरतात.

शरदात अझेलियाची आतली, मोठी पानं पिवळी पडून झडतात. ती वसंतातली पानं असतात. शेंड्याजवळची छोटी, उन्हाळी पानं हिवाळा काढतात. ही पानगळ पाहून घाबरून कुंडी उपसू नका. छाटलेला पाला शेळ्या-गुरांच्या वाटेत टाकू नका, तो विषारी असतो. आणि झाड विकत घेताना विकणाऱ्याला किंमत विचारायच्या आधी शेवटची कुंडी कोणत्या महिन्यात बदलली ते विचारा. उत्तर नीट मिळालं नाही तर पहिलं वर्षभर फक्त पाणी घाला, बहर बघा, दोरे बांधा आणि छाटा.